हेवा वाटतो, तर तोंडावर सांगा

दोन वर्षांपूर्वी जानेवारीतल्या एका रविवारी मेणवलीच्या घाटावर आम्ही दोघं एकच चित्र काढत बसलो होतो. एकच म्हणजे एकाच जागेचं. कृष्णेत उतरणाऱ्या पायऱ्या, मेणेश्वराचं देऊळ, वसईच्या मोहिमेतून आणलेली म्हणून सांगतात ती घंटा, आणि वर नाना फडणवीसांचा वाडा. मी साताऱ्याहून पहिल्या एसटीने गेले होते. तो कराडहून मोटरसायकलवर आला होता. वय पंचविशीतलं, मला ताई म्हणतो. दोघांच्या पॅडवर ३०० जीएसएमचा तोच कागद होता, कारण माझ्या मोठ्या शीटचा अर्धा भाग मीच त्याला कापून दिला होता. पाणीही एकाच डब्यातलं.

साडेदहाला उन्हं डोक्यावर आली तसं आवरलं, दोन्ही चित्रं पायरीला टेकवून फोटो काढले आणि वाईला चहा पिता पिता आपापल्या इन्स्टाग्रामवर टाकले. रात्री जेवणं उरकून फोन बघितला. त्याच्या चित्राला दोन हजार तीनशे बदाम. माझ्या चित्राला एक्केचाळीस, त्यातले सहा माहेरचे.

मग मी काय केलं ते सांगते, कारण या लेखाचं मूळ तिथंच आहे. मी त्याचं चित्र दोन बोटांनी मोठं केलं आणि चुका शोधायला लागले. पायऱ्यांचं पर्स्पेक्टिव्ह डावीकडे घसरलंय. देवळाचा कळस कागदाच्या कडेला फार टेकलाय. पाण्यातलं प्रतिबिंब तर चक्क खोटं, त्या वेळी पाणी हलत होतं, मी तिथंच होते ना! सात-आठ मिनिटांत चार चुका निघाल्या. बरं वाटलं. मग त्याच चित्राखाली मी लिहिलं, ‘अप्रतिम!’ आणि पुढे टाळ्या वाजवणारे तीन हात.

मला त्या चुका शोधल्याची आज तेवढी लाज वाटत नाही. त्या ‘अप्रतिम’ची वाटते.

ऑनलाइन चित्रकारांच्या जगात मत्सर हा विषय निघाला की दोन ठरावीक सल्ले मिळतात. एक, मन मोठं करा, दुसऱ्याच्या यशात आनंद माना, चित्र स्वतःसाठी काढा. दुसरा, फोन बाजूला ठेवा. दोन्ही सल्ले देणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण दोन्ही सल्ले मत्सर हा त्या एका माणसाच्या स्वभावाचा दोष आहे असं धरून चालतात. सहा वर्षं मी जलरंगात काम करणाऱ्या मराठी हौशी मंडळींचा एक ऑनलाइन समूह सांभाळते आहे. दिवसा पतसंस्थेत आकडे, रात्री समूहात चित्रं. या सहा वर्षांत माझं मत असं झालंय की मत्सर कुणालाच चुकत नाही, पण तो नासतो तो आपण सगळे मिळून बोलत असलेल्या एका गोड खोट्या भाषेमुळे. आणि ती भाषा बदलणं समूहाच्या हातात आहे.

मराठीत या भावनेसाठी शब्दांची कमी नाही. हेवा, मत्सर, असूया, आकस. ‘ईर्ष्या’ तर आपण चक्क कौतुकानंही वापरतो, पोरगं ईर्ष्येनं अभ्यासाला लागलं म्हणतो. पण या सगळ्यांत हेवा वेगळा आहे. ‘मला तुझा हेवा वाटतो’ हे वाक्य आपण माणसाच्या तोंडावर म्हणू शकतो. म्हणतोही, हसत हसत, आणि ऐकणारा सुखावतो. ‘मला तुझा मत्सर वाटतो’ असं आजवर कुणी कुणाला तोंडावर म्हटल्याचं मी ऐकलं नाही. मत्सर षड्रिपूंतला सहावा, त्याची जागा पाठीमागे. नेदरलँड्समधल्या काही मानसशास्त्रज्ञांनी २००९ साली हाच भेद अभ्यासाला घेतला होता. त्यांच्या डच भाषेतही या भावनेला दोन शब्द आहेत, एकात दुसऱ्याच्या उंचीला पोचण्याची ओढ, दुसऱ्यात त्याला खाली ओढण्याची. त्यांचा निष्कर्ष असा की हे एकाच भावनेचे कमीजास्त अंश नाहीत, अनुभव म्हणूनच ही दोन वेगळी आहेत. आपल्या आज्यांना हे अभ्यासाशिवाय कळत होतं असं म्हणायचा मोह होतो, पण तो आवरते. आज्यांना आणखी एक गोष्ट कळत होती, तिच्याबद्दल बोलू.

ती म्हणजे दृष्ट. बाळाचं चारचौघांत कौतुक झालं की घरी आल्यावर मीठ, मोहऱ्या, मिरच्या ओवाळून टाकायच्या. गालावर आधीच तीट लावलेली. त्यातला अंधविश्वास बाजूला ठेवला तर एक समजूत उरते. कौतुक झालं म्हणजे कुणाच्या तरी पोटात दुखणार, हे गृहीत धरलेलं. त्याबद्दल बाळाला दोष नाही, आणि शेजारणीचं नाव घेऊन भांडणही नाही. कौतुकाच्या पाठोपाठ काय येतं याची व्यवस्था घरात होती. फोनवरून मिरच्या ओवाळा असं मी म्हणत नाहीये. पण ज्या जागी रोज तासातासाला कौतुक वाटलं जातं, तिथं त्याच्या मागून येणाऱ्याची काहीच सोय नसावी, हे जरा बेजबाबदार वाटतं.

आता तो आकडा. चित्रांच्या जगात तुलना काही फोनबरोबर आलेली नाही. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ची, तिच्या वार्षिक प्रदर्शनांत पदकं होतीच. आपण सगळे एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसलो, ए ग्रेड मिळालेल्या मुलीकडे बी ग्रेडवाल्यांनी कसं पाहिलं होतं ते मला अजून आठवतं (मी बी). गणेशोत्सवातल्या चित्रकला स्पर्धेत पहिला, दुसरा, तिसरा आणि मग ‘उत्तेजनार्थ’. काय शब्द आहे! ज्याला तो मिळाला तो मुलगा आयुष्यात कधी उत्तेजित झाला असेल असं मला वाटत नाही. पण त्या तुलनेला वेळ होती. वर्षातून एकदा, एका हॉलमध्ये, ओळखीच्या परीक्षकांनी केलेली. घरी जाऊन त्यांना शिव्या देता येत होत्या.

ऑनलाइनच्या सुरुवातीच्या काळातही हे काही अंशी टिकून होतं. डेव्हिएंटआर्ट हे संकेतस्थळ ऑगस्ट २०००मध्ये सुरू झालं, तिथं रोज काही चित्रं निवडून ‘डेली डेव्हिएशन’ म्हणून मिरवली जायची. आपलं चित्र तिथं लागावं म्हणून झुरणारे आणि दुसऱ्याचं लागलं म्हणून जळणारे तेव्हाही होते. पण निवड माणसं करत होती, आणि माणसाशी वाद घालता येतो. फेसबुकनं फेब्रुवारी २००९मध्ये ‘लाइक’चं बटण आणलं, ऑक्टोबर २०१०मध्ये इन्स्टाग्राम आलं, आणि चित्राच्या खाली आकडा कायमचा चिकटला. २०१६ साली इन्स्टाग्रामनं चित्रं ज्या क्रमानं टाकली त्या क्रमानं दाखवणं सोडलं, कुणाला काय दिसणार हे यंत्र ठरवायला लागलं. त्या दिवसापासून चित्रकाराची अवस्था शेतकऱ्यासारखी झाली, आभाळाकडे बघत बसायचं. मग आभाळाबद्दल येतात तशा समजुती आल्या. सातनंतर टाक, शनिवारी नको, चित्रात माणूस असू दे, पहिल्या तासात कुणी बोललं तर लगेच उत्तर दे. हे सगळं लोक मला अगदी गंभीरपणे सांगतात.

२०२०च्या जूनअखेरीस टिकटॉक बंद झालं आणि दहा दिवसांच्या आत रील्स आपल्याकडे आले. आता चित्र पुरेना, चित्र काढतानाचा हात दिसायला हवा. जलरंगवाल्यांच्या रील्सचा शेवट तुम्हीही पाहिला असेल. कागदाच्या चारी कडांची मास्किंग टेप हलके हलके सोलली जाते, खाली पांढरीशुभ्र कड उघडी पडते, आणि बघणाऱ्याला काहीतरी पूर्ण झाल्याचं सुख मिळतं. आमच्या समूहातल्या एका बाईंनी मला एकदा विचारलं होतं, ‘अहो, मी टेप लावतच नाही, क्लिपा लावते. आता टेप लावायला सुरुवात करू का?’ टेपचा चित्राशी संबंध काय? बाई हुशार आहेत, त्यांना माहीत होतं. तरी विचारलं.

मग आकडाच लपवला तर? तेही करून झालंय. इन्स्टाग्रामनं २०१९मध्ये आधी कॅनडात आणि मग आणखी काही देशांत लाइकचे आकडे झाकून पाहिले. २०२१मध्ये ज्याला हवं त्यानं झाकावं अशी मुभा सगळ्यांना दिली. कंपनीनंच सांगितलं की काहींना बरं वाटलं, काहींना त्याचा वैताग आला. मला याचं आश्चर्य वाटत नाही. मी स्वतः आकडे झाकून पाहिले. मग मी किती जणांनी खाली लिहिलंय ते मोजायला लागले. मोजणं थांबवता येत नाही, फक्त दुसरीकडे सरकतं.

आणि आपण कुणाशी मोजतो? लिऑन फेस्टिंजर या मानसशास्त्रज्ञानं १९५४ साली मांडलं होतं की माणूस स्वतःला जोखतो ते आपल्यासारख्याच माणसांशी ताडून. मला चित्रकार रझांचा मत्सर वाटत नाही, त्यांच्या एका कॅनव्हासला कोटी कोटी मिळाले तरी नाही. मला मत्सर वाटला तो माझ्याच अर्ध्या कागदावर, माझ्याच डब्यातल्या पाण्यानं काढलेल्या चित्राचा. ऑनलाइन समूह म्हणजे नेमकी अशीच माणसं एकत्र आणणारी जागा. एकाच छंदाची, जवळपास एकाच वकुबाची, एकाच भाषेतली. मत्सराला याहून सुपीक जमीन कुठली? आणि शिकायलाही याहून चांगली जागा नाही, कारणही तेच.

माझा स्वतःचा गुन्हा सांगते. समूह सुरू केल्यावर वर्षभरानं मी ‘आठवड्याचं चित्र’ सुरू केलं. लोक चित्रं टाकत होते, कुणी काही बोलत नव्हतं, जरा चुरस येईल असं वाटलं. सभासदांनी मत द्यायचं, सगळ्यात जास्त मतं मिळतील ते चित्र आठवडाभर वर. पहिले दोन महिने बहार आली. मग मतांसाठी मामेभाऊ, भाचे, ऑफिसातले शिपाई समूहात यायला लागले. तेही एक वेळ चाललं असतं. पण चित्रं एकसारखी व्हायला लागली. पावसात भिजलेला रस्ता आणि त्यात लाल दिव्याचं प्रतिबिंब पाडणारी रिक्षा. उन्हाला पाठ करून धूळ उडवत येणारी गुरं. वाईचा घाट. यांतलं कुठलंही चित्र वाईट नाही, मीही काढलीत. पण सोमवारी वर जाणारं चित्र यांतलंच असणार हे सगळ्यांना कळून चुकलं.

आमच्यात एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर होते. ते काळ्या शाईनं वस्तू काढायचे. बैलगाडीचं चाक, रहाटाचा कणा, जात्याचा खुंटा. रंग जवळजवळ नाहीच. एकदा त्यांनी नुसता शिवणयंत्राचा पायटा काढला होता, त्या लोखंडी जाळीतली एकन् एक नक्षी, आणि जिथं पाय घासून घासून लोखंड गुळगुळीत झालं होतं तिथं त्यांनी रेघ मारलीच नव्हती. त्यांना कधी चारपेक्षा जास्त मतं मिळाली नाहीत. सर केव्हा बंद झाले ते मला कळलंसुद्धा नाही. तीन महिन्यांनी कुणीतरी विचारलं, सर कुठं आहेत हल्ली? मी फोन केला. ते म्हणाले, ‘अगं, मी काढतो की. दाखवत नाही एवढंच. तिथं बाजार भरतो ना सोमवारी.’

त्याच आठवड्यात मी ते बंद केलं. सर मात्र परत आले नाहीत.

इथं कुणी म्हणेल, हौशी लोकांचं ठीक आहे, चित्रावर पोट असणाऱ्यांचं काय? हा आक्षेप खरा आहे आणि तो मी हलक्यानं घेत नाही. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ची, तिथं जागा मिळायला वर्षानुवर्षं थांबावं लागतं. मुंबईपासून दूर राहणाऱ्या, जे.जे. स्कूल ऑफ आर्टचं तोंडही न पाहिलेल्या मुलाला फोननं एक दार उघडून दिलंय, ते बंद व्हावं असं मला मुळीच वाटत नाही. मागून येणारी पोरं त्यावर पोर्ट्रेटच्या ऑर्डरी घेतात, वर्कशॉप भरवतात, वर्कशॉपच्या जागा अनुयायांच्या आकड्यावर भरतात. त्यांना ‘आकड्याकडे बघू नकोस’ सांगणं म्हणजे दुकानदाराला गल्ल्याकडे बघू नकोस सांगण्यासारखं आहे. त्यांनी बघावं. माझं म्हणणं एवढंच की गल्ल्यातला आकडा मालाच्या दर्जाचा दाखला नसतो, हे दुकानदाराला पक्कं ठाऊक असतं. चित्रकार ते विसरतो, कारण त्याला दर्जाबद्दल दुसरं कुणी काही सांगतच नाही. सगळे नुसतं ‘अप्रतिम’ म्हणतात. मग त्या बिचाऱ्याकडे ताडून बघायला आकड्याशिवाय उरतं काय?

माझा मुद्दा इथं येऊन टेकतो. ‘अप्रतिम’, ‘निःशब्द’, ‘जबरदस्त दादा’, ‘काय बोलू!’ यांना मी कौतुक मानत नाही. लग्नात आहेराचं पाकीट देतात तसं हे देणं आहे, मी तुझ्याकडे टाकलं, तू माझ्याकडे टाक. आत किती आहे कुणी बघत नाही. देणाऱ्याला चित्राकडे बघावं लागत नाही आणि घेणाऱ्याला काही मिळत नाही. आणि मत्सराला लपायला याच्याइतकी सोयीची जागा नाही. मी त्या रात्री चार चुका पोटात ठेवून वर टाळ्या वाजवल्या. तो मुलगाही माझ्या चित्राखाली ‘सुंदर ताई’ लिहून मोकळा झाला होता. दोघं एका पायरीवर बसलो होतो आणि दोघांनी एकमेकांना काहीच सांगितलं नाही.

पोटात राहिलेलं पुढे कुठून तरी बाहेर येतंच. पूर्वी ते ‘फोटोवरून ट्रेस केलंय’ असं यायचं. ‘प्रोजेक्टर लावला असेल.’ आता त्याला नवा, सभ्य, जवळजवळ नैतिक शब्द मिळालाय, ‘हे एआयचं वाटतंय’. यंत्रानं केलेली चित्रं हाताची म्हणून खपवली जातात हे खरंच आहे, आणि डिसेंबर २०२२मध्ये आर्टस्टेशन या चित्रांच्या संकेतस्थळावरच्या चित्रकारांनी त्याविरुद्ध केलेला निषेध मला योग्यच वाटतो. पण त्याच सुमारास रेडिटवरच्या एका मोठ्या कलासमूहानं व्हिएतनाममधल्या एका चित्रकाराचं हातानं केलेलं चित्र एआयचं ठरवून काढून टाकलं, त्यालाही बाहेर काढलं. तो कामाच्या मूळ फाइली दाखवायला तयार होता. त्याला उत्तर काय मिळालं, तर तू स्वतः केलं असलंस तरी ते एआयसारखंच दिसतं, दुसरी शैली शोध. त्या निर्णयामागं मत्सर होता असं मी म्हणत नाही, मला तिथल्या माणसांची मनं माहीत नाहीत. पण संशय घ्यायला पुरावा लागत नाही अशी मुभा एकदा मिळाली की ती सगळ्यात आधी कोण वापरणार? ज्याच्या पोटात दुखतंय तो. आमच्याही समूहात हे दोनदा झालंय, दोन्ही वेळा ज्याच्यावर संशय घेतला तो त्या महिन्यात सगळ्यांत जास्त नावाजला गेलेला होता.

ज्याला नाव मिळतं त्याचं काय होतं, याकडे मात्र कुणी पाहत नाही. तो सुखी आहे असं आपण धरून चालतो. त्या मुलाला मी सहा-सात महिन्यांनी भेटले. मधल्या काळात त्यानं मेणवलीचा घाट अकरा वेळा काढला होता. सकाळी, संध्याकाळी, पावसात. दुसरं काही टाकलं की दोनशे बदामसुद्धा होईनात. ‘ताई, मी माझ्या गावचा बाजार काढला, मला फार आवडला होता. कुणी बघितलाच नाही. मग काढून टाकला.’ त्याच्या आवाजात मला ओळखीचं काहीतरी ऐकू आलं. त्याला आता मत्सर वाटत होता, आणि तोही त्या जानेवारीतल्या स्वतःचाच.

तेव्हा मी त्याला ती रात्र सांगितली. झूम, चार चुका, टाळ्या, सगळं. आधी तो गोरामोरा झाला, मग हसायला लागला. ‘कुठल्या चार?’ म्हणाला. मी सांगितल्या. पायऱ्यांचं त्याला पटलं, प्रतिबिंबाचं पटलं नाही. मग मी त्याला जे सहा महिने विचारायचं होतं ते विचारलं. पायऱ्यांवरचं ऊन त्यानं आणलं कुठून? माझ्याकडे पिवळ्याच्या तीन छटा होत्या, सगळ्या लावून पाहिल्या, पायऱ्या नुसत्या मळल्या. तो म्हणाला, ‘ताई, मी त्या रंगवल्याच नाहीत. कागद तसाच सोडलाय. सावल्या तेवढ्या काढल्या.’

मी फोन काढून पुन्हा चित्र मोठं केलं. खरंच, ऊन होतं तिथं काहीच नव्हतं. माझाच कागद होता तो. त्या रात्री आठ मिनिटं मी हेच चित्र इतकं जवळून बघितलं होतं आणि मला हे दिसलं नव्हतं, कारण मी ते शोधत नव्हते. तेव्हा मला त्याचा खराखुरा हेवा वाटला. तसं मी त्याला म्हटलंही. आणि त्या वाक्यानंतर आकडा जरा लांब गेला. नाहीसा नाही झाला, खोटं कशाला बोलू?

यावरून मी समूहात एक पद्धत आणली. चित्राखाली लिहायचं तर चित्रात बोट ठेवता येईल असं काहीतरी लिहायचं. कुठं बघितलं, काय दिसलं, काय कळलं नाही. आवडलं नाही तर तेही, पण जागा दाखवून. आणि हेवा वाटला तर ‘हेवा’ हा शब्द वापरायचा आणि कशाचा ते सांगायचं. ‘निळ्यात निळा न मिसळता डोंगर मागं गेला, याचा हेवा.’ एवढं पुरे. मत देणं बंद, निवड बंद. त्याऐवजी महिन्यातून एकदा सगळ्यांनी एकच जागा काढायची, ज्याला जमेल त्यानं तिथं जाऊन, आणि अर्धवट अवस्थेतला एक फोटो जोडायचा. फसलेला असला तरी.

विरोध झाला. ‘ही काय शाळा आहे का?’ ‘आम्ही दिवसभराचा ताण घालवायला येतो, बोलणी खायला नाही.’ शंभरेक जण सोडून गेले. त्यातल्या काहींचं मला पटतंही. आजारपणातून उठलेली बाई पहिल्यांदा ब्रश हातात घेते आणि एक वाकडं जास्वंद काढते, तिला ‘देठाची सावली चुकली’ सांगायची काही गरज नसते. पण तिलासुद्धा ‘अप्रतिम’पेक्षा ‘पाकळीच्या टोकाला पाणी जास्त झालं आणि रंग पसरला, ते छान झालंय’ हे ऐकायला आवडेल असा माझा अंदाज आहे. तिला कळेल की कुणीतरी खरंच बघितलंय.

एकच जागा सगळ्यांनी काढण्यावर तर जास्तच आक्षेप होता. यानं तुलना वाढेल, मत्सर वाढेल! चित्रकारांच्या लेखात नाटकाचं उदाहरण देते, पण मला त्या वेळी हेच आठवलं. ८ जुलै १९२१ला मुंबईच्या बालीवाला थिएटरात बालगंधर्व आणि केशवराव भोसले एका रंगमंचावर उभे राहिले, टिळक स्वराज्य फंडासाठी. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक, दोघांचे चाहते एकमेकांवर तुटून पडणारे. नाटकाचं नावही ‘मानापमान’! गंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर. त्या रात्री तुलना झाली नसेल असं कोण म्हणेल? जेवढी झाली तेवढी आजवर चालू आहे. पण ती दोघांच्या समोर, एकाच नाटकात, एकाला दुसऱ्याचं गाणं जवळून ऐकावं लागेल अशा जागी झाली. लांबून आकडे बघत झालेली नाही. एकमेकांचा द्वेष करायला जे अंतर लागतं ते त्या रात्री उरलं नव्हतं, निदान रंगमंचावर तरी. चाहत्यांचं माहीत नाही. चाहते हे कायमच कलावंतांपेक्षा जास्त हिशेबी असतात.

आमचं तसं भव्य काही नाही. गेल्या महिन्यात जागा होती साताऱ्याचं ‘चार भिंती’ हे स्मारक. सतरा चित्रं आली, त्यातल्या नऊ जणांनी अर्धवट फोटो जोडले. एकाचं आकाश वाळण्याआधीच त्याच्यावर कुत्र्यानं पाय दिला होता, ते पाऊल त्यानं तसंच ठेवलं आणि त्याचं झाड केलं. त्या झाडाच्या खाली बावीस जणांनी लिहिलंय, आणि एकानंही ‘अप्रतिम’ म्हटलेलं नाही. एक तर चिडून विचारत होता की माझ्या आकाशावर कुत्रा का येत नाही.

मीही टाकलं होतं. त्या मुलानं खाली लिहिलं, ‘ताई, यावेळी हेवा नाही वाटला. भिंतीच्या कडा छान आल्यात, पण आकाश घाईत केलंय का?’

आकाश घाईतच केलं होतं. एसटी चुकली असती.